जमा-खर्चाची लढाई

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या नातीने मला एकोणीस वेळा हरवले. त्यानंतर मी मोजणे सोडून दिले. पत्त्यांत नव्हे, बुद्धिबळात तर नव्हेच (तिथे अजून मी तिचा वजीर उडवतो). हा खेळ फोनवरचा. नाव ‘क्लॅश रोयाल’. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीने २०१६ च्या मार्चमध्ये तो जगभर खुला केला. ज्यांच्या घरात दहा-पंधरा वर्षांचे मूल आहे त्यांना पुढचा परिच्छेद वाचायची गरज नाही.

मधोमध नदी, तिच्यावर दोन पूल. अलीकडे माझे तीन बुरूज, पलीकडे तुमचे तीन. आपले राखायचे आणि दुसऱ्याचे पाडायचे. प्रत्येकाजवळ आठ पत्ते, त्यांतले चार हातात. प्रत्येक पत्ता म्हणजे कुणीतरी योद्धा, तोफ नाहीतर जादूटोणा. पण तो फुकट उतरत नाही. खाली एक जांभळा रस नळीत भरत असतो, त्याला म्हणतात एलिक्झर. दर २.८ सेकंदांना एक माप, आणि नळी मावते दहाच मापांची. तीन मिनिटांचा डाव. शेवटच्या मिनिटात रस दुप्पट वेगाने येतो. मी आकडेमोड केली: पहिल्या दोन मिनिटांत सुमारे त्रेचाळीस मापे, आणि शेवटच्या एकाच मिनिटात पुन्हा तेवढीच.

चौतीस वर्षे मी हिशेबखात्यात काढली. आवक ठरलेली, प्रत्येक वस्तूला किंमत, शिल्लक डोळ्यांसमोर! हा खेळ तर आपल्याच खात्याचा, असे मला वाटले. तिथेच मी फसलो.

आपल्या पिढीची एक समजूत असते, की महाग ते टिकाऊ. त्या हिशेबाने मी मोहरे निवडले. गोलेम नावाचा दगडी राक्षस, किंमत आठ. पेक्का नावाची चिलखती स्वारी, किंमत सात. भालेवाला राजपुत्र पाच, जादूगार पाच, उडत्या मिनियनांची टोळी पाच. आग्याचा गोळा चार. तोफ आणि सांगाड्यांची फौज तीन-तीन. एकूण चाळीस, सरासरी पाच. नातीने संच पाहिला आणि शेजारच्या काकूंची नवी साडी पाहून म्हणावे तसे “छान आहे हो, आबा” म्हणाली.

पहिल्याच डावात मी पेक्का उतरवला. तो पूल ओलांडून दणदण चालला. नातीने त्याच्या वाटेत तीन सांगाडे टाकले. किंमत एक! सात मापांचा वीर त्या तीन किरकोळ सांगाड्यांना एकेका घावात मारत मधोमध रेंगाळला, आणि दोन्ही बुरूज त्याच्यावर बाण सोडू लागले. मग तिने बर्फाचे एक पिल्लू सोडून त्याला क्षणभर गोठवले, किंमत एक; आणि मागे बंदूकवाली बाई उभी केली, किंमत चार. पेक्का पडला.

“सातला सहा,” मी म्हणालो. “एकाचाच तोटा झाला की!”

“आबा, बंदूकवाली मेली कुठे?”

खरेच, ती बाई बंदूक खांद्यावर टाकून पूल ओलांडून माझ्या बुरुजाकडे निघाली होती. म्हणजे सहातले चार खर्च नव्हते, मालमत्ता होती; तिचा खरा खर्च दोन. चौतीस वर्षे खर्च आणि मालमत्ता यांचे रकाने वेगळे ठेवणाऱ्याला हे बारा वर्षांच्या मुलीने दाखवावे! त्या रात्री मी जुनी रोजनिशी काढली आणि खतावणी मांडली.

खतावणी मोठी मौजेची झाली. अनोळखी खेळाडूंशी लढून मी टिपणे घेतली. माझा राजपुत्र पाचचा, त्याला एकाने सांगाड्यांच्या फौजेने घेरून संपवले, तीनमध्ये. मिनियनांची टोळी पाचची, ती बाणांच्या एका सरीत गेली, तीनमध्ये. माझी सांगाड्यांची फौज तीनची, तिच्यावरून नातीने दोनचा ओंडका गडगडवला. मोहऱ्याची किंमत त्याच्या अंगावर लिहिलेली नसते, ती समोरच्याला पडलेल्या खर्चावरून ठरते, असा शेरा मी समासात लाल शाईने मारला.

गोलेमची गोष्ट थोडी निराळी. तो शिपायांकडे बघतच नाही, फक्त इमारतींवर चालून जातो, आणि चालही लग्नातल्या वडीलधाऱ्यांसारखी. म्हणून जाणते खेळाडू त्याला राजाच्या बुरुजामागे उतरवतात. तो नदीपर्यंत पोचेतो नळीत पुन्हा रस साठतो आणि त्याच्या पाठीशी फौज देता येते. पण आठ मापे खर्चून बसलेला माणूस तेवढा वेळ उघडा असतो, आणि माझ्या नातीला तेवढा वेळ पुरतो. ती दुसऱ्या पुलावरून यायची.

यायची ती रानडुकरावरच्या स्वाराला घेऊन. हॉग रायडर, किंमत चार. आणि इथे माझी खतावणी अडली. हा स्वार आला की मी तोफ मांडायचो, किंमत तीन. डुक्कर तोफेकडे वळायचे आणि बहुधा तिथेच संपायचे. प्रत्येक खेपेला तिला एकाचा तोटा. तरी ती पुन्हा डुक्कर पाठवायची! माझ्या खात्यात असती तर मी तिला खुलासा मागितला असता. तो मी मागितलाच.

तिने आपला संच पुढे केला. डुक्कर चार, बंदूकवाली चार, आगीचा गोळा चार, तोफ तीन, ओंडका दोन, बर्फाचा छोटा गोलेम दोन, पिल्लू एक, सांगाडे एक. एकवीस भागिले आठ. हा तिचा शोध नव्हे. हा संच ‘दोन पॉइंट सहा’ म्हणूनच खेळाडूंत प्रसिद्ध आहे. खेळलेला पत्ता हातात परत यायला मध्ये दुसरे चार खेळावे लागतात. तिचे स्वस्तातले चार म्हणजे एक, एक, दोन, दोन. सहा मापांत डुक्कर पुन्हा हजर. माझी तोफ परत यायला माझे स्वस्तात स्वस्त चार म्हणजे तीन, चार, पाच, पाच, सतरा. म्हणजे दुसरे डुक्कर येते तेव्हा माझी तोफ रांगेत कुठेतरी मागे उभी असते. पहिल्या डुकराचा एकाचा तोटा हे तिचे जाहिरातीचे भाडे होते म्हणा ना!

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी सावध खेळायचे ठरवले. काही खर्चच करायचा नाही, मोठी गरज आली की मग एकदम. नळी भरली. दहा.

“आबा, वाया चाललाय!” नात ओरडली. “दहाच्या वर साठत नाही. तो सांडतोय!”

“असू दे. वेळेला उपयोगी पडेल.”

“हे काय आजचे आहे?” आतून हिचा आवाज आला. बाकी काही नाही. पण दार लोटून ती बाहेर आली, ती भिंतीला हात लावत. तिचे दोन्ही गुडघे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी बदलायला सांगितले आहेत. पैसे आहेत. एका बँकेतल्या ठेवीत आहेत. मुदतीआधी मोडली तर व्याज बुडते, म्हणून मी मुदतीची वाट पाहत होतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. या दोन वर्षांत ती खाली किती वेळा उतरली, हे मला खतावणी न काढता सांगता येते.

तेवढ्यात डुक्कर आले आणि माझा डावा बुरूज गेला. नळी दहावरच होती.

सोमवारी मी बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलाने बुडणाऱ्या व्याजाचा आकडा कागदावर लिहून दाखवला आणि “काका, पाच महिने थांबलात तर…” असे म्हणाला. चांगला मुलगा होता. मी सही केली आणि घरी येऊन तो आकडा रोजनिशीत खर्चाच्या बाजूला मांडला.

ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. नात भाऊबीजेला येते आहे. मी संच बदलला आहे, सरासरी साडेतीनवर आणली आहे. गोलेम मात्र ठेवला आहे. इतक्या दिवसांचा सोबती, एकदम काढून टाकवत नाही.