इकोच्या अहवालावर सही एकाची, हात दुसऱ्याचा

- विशेष प्रतिनिधी

'टू-डी इको करून आणा' हे वाक्य आता महाराष्ट्रातील बहुतेक घरांना परिचयाचे झाले आहे. मोठ्या शस्त्रक्रियेआधीची तयारी असो, कर्करोगावरील काही औषधांचा हृदयावर होणारा परिणाम पाहायचा असो, की चालताना लागणारी धाप असो, हृदयाच्या या सोनोग्राफीवाचून पुढचे पान उलटत नाही. अंधाऱ्या खोलीत रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, छातीवर थंडगार जेल लावून वीस-पंचवीस मिनिटे प्रोब फिरविणारी व्यक्ती मात्र अनेक ठिकाणी डॉक्टर नसते, तंत्रज्ञ असते. अहवालाखाली सही हृदयरोगतज्ज्ञाची असते आणि तंत्रज्ञाचे नाव बहुधा कोठेच नसते. हा केवळ मानापमानाचा प्रश्न असता, तर त्यावर वृत्तपत्राची जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. पण त्यात रुग्णाचे हितही गुंतलेले आहे आणि कायद्याचा एक जुना पेचही.

या तपासणीचा जन्मच मुळी दोन निरनिराळ्या विद्यांच्या संगमातून झाला. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेलमुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी १९५३ मध्ये ध्वनिलहरींच्या साह्याने हृदयाची हालचाल प्रथम टिपली. त्यांचे सुरुवातीचे प्रयोग माल्मो येथील जहाजबांधणी कारखान्यातून उसन्या आणलेल्या यंत्रावर झाले. धातूतील दोष शोधण्यासाठी ते वापरले जाई. रोगाचा जाणकार एक आणि यंत्राचा जाणकार दुसरा, ही विभागणी पाश्चात्त्य देशांत पुढे पक्की झाली. अमेरिकेत प्रशिक्षित व प्रमाणित तंत्रज्ञ प्रतिमा घेतो, मोजमापे करतो आणि डॉक्टर त्यांचा अर्थ लावतो. आपल्याकडे ही विभागणी व्यवहारात आहे. कागदावर मात्र ती धड कबूल केलेली नाही.

प्रतिमा घेणे हे बटण दाबण्याइतके सोपे काम असते, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. दोन फासळ्यांमधील चिंचोळ्या फटीतून हृदय पाहायचे असते. फुफ्फुसातील हवा आड येते, स्थूल रुग्णात चित्र धूसर होते आणि लहान मूल रडून हैराण करते. प्रोबचा कोन किंचित चुकला, तर डावी जवनिका आहे त्याहून आखूड दिसते आणि हृदयाचे पंपिंग खऱ्यापेक्षा चांगले भासू शकते. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णात डॉप्लरची रेषा रक्तप्रवाहाच्या दिशेशी जुळली नाही, तर वेग कमी मोजला जातो. मग तीव्र आजार मध्यम ठरतो आणि शस्त्रक्रिया लांबते. नंतर सही करणारे डॉक्टर साठवलेल्या प्रतिमाच पाहतात. जे टिपलेच गेले नाही, ते त्यांना दिसणार कसे? (या कामाची शारीरिक किंमतही आहे. दिवसभर हात उचलून, मान वळवून बसण्याने खांदे व मनगटे कायमची दुखू लागतात. परदेशातील पाहण्यांत दहापैकी आठांहून अधिक तंत्रज्ञांनी ही तक्रार नोंदवली आहे.)

आता कायद्याकडे वळू. गर्भलिंग निदानास आळा घालणारा केंद्रीय कायदा १९९४ चा. त्याआधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करून देशात पुढाकार घेतला होता. गर्भाचे लिंग ओळखू शकणारे प्रत्येक यंत्र या कायद्याच्या कक्षेत येते. इकोचे यंत्रही योग्य प्रोब लावल्यास ते काम करू शकते. म्हणून त्याचीही नोंदणी लागते. सोनोग्राफी केंद्रासाठी पात्र व्यक्ती म्हणून नियमांत विहित शिक्षण वा अनुभव असलेल्या डॉक्टरांचाच विचार आहे. छातीवर प्रोब ठेवणाऱ्या तंत्रज्ञाचे स्थान त्यात स्पष्ट होत नाही. परिणामी, जे काम सर्वांच्या डोळ्यांदेखत चालते, त्याविषयी उघडपणे बोलायला कोणी धजावत नाही.

म्हणून हा कायदा सैल करा, असे म्हणणे धोक्याचे ठरेल. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात तर अवघ्या ८०७. ही आकडेवारी ज्याने वाचली आहे, तो यंत्रावरील पहारा उठवा असे म्हणणार नाही. परंतु पहारा यंत्रावर आणि प्रोबवर हवा. केवळ हृदयाचाच प्रोब चालेल अशी कुलूपबंद यंत्रे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारे नोंदणीकृत तंत्रज्ञ आणि साठवलेल्या प्रतिमांची अचानक तपासणी, हा मार्ग अशक्य नाही. आजच्या मौनापेक्षा तो अधिक सुरक्षितही आहे.

या मौनाची झळ शहरापेक्षा खेड्याला अधिक बसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाला. अंगणवाडीत व शाळेत मुलांना तपासायचे आणि जन्मजात दोष शोधायचे, ही त्याची कल्पना. जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण आठांच्या हृदयात दोष असतो. पथकातील डॉक्टरच्या स्टेथोस्कोपला संशय येतो. पण खात्री इकोशिवाय होत नाही. हृदयरोगतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले. मग बाप मजुरी बुडवून मुलाला शहरात नेतो आणि तारीख घेऊन परततो. तालुक्याच्या ठिकाणी कुशल तंत्रज्ञाने प्रतिमा घेऊन त्या जिल्ह्याच्या तज्ज्ञाकडे पाठविल्या, तर निदान ही पहिली खेप तरी वाचेल. अमेरिकेत फेब्रुवारी २०२० मध्ये, प्रोब कसा वळवावा हे सांगणाऱ्या संगणक प्रणालीला औषध प्रशासनाने मान्यता दिली. परिचारिकेनेही प्राथमिक प्रतिमा घ्याव्यात, हा त्यामागील हेतू. आपण मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञाचेही नाव घ्यायला कचरतो.

संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत इको तंत्रज्ञाचा उल्लेख आहे. पदविका वा पदवी किमान दोन हजार तासांची हवी, अशी अटही त्यात आहे. तीन महिन्यांच्या 'कोर्स'ची पाटी लावणाऱ्या संस्थांना ही अट पेलणारी नाही, आणि ते इष्टच. पण अंमलबजावणी इतकी रेंगाळली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. महाराष्ट्रात तर परावैद्यक परिषदेचा २०११ चा स्वतंत्र कायदाही होता.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. तंत्रज्ञाला मान्यता मिळाली की उद्या तो स्वतःचेच केंद्र थाटील, ही डॉक्टरांची भीती निराधार नाही. पॅथॉलॉजी प्रयोगशाळांबाबत नेमके हेच घडले. अखेर डिसेंबर २०१७ मध्ये, अहवालावर पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. इकोबाबतही अर्थ लावण्याचा अधिकार डॉक्टरांकडेच राहावा. त्यासाठी प्रतिमा कोणी घेतली हे झाकण्याची मात्र गरज नाही. अहवालावर 'प्रतिमा घेणार' असा एक रकाना आणि त्यापुढे नाव व नोंदणी क्रमांक, एवढी सुधारणा रुग्णालयांना आजही करता येईल. चूक झाली तर ती कोणत्या टप्प्यावर झाली, हे रुग्णाला त्यातून विचारता येईल.