कोवळ्या वयातील पायरिया : तीन समज आणि सिद्धान्त

किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात होणारा हिरड्यांचा एक उग्र विकार मुख्यतः पहिल्या कायमच्या दाढा आणि पटाशीचे दात यांना धरतो. दातांच्या मुळांभोवतीचे हाड झपाट्याने झिजते आणि दात हलू लागतात. हा विकार अनेकदा एकाच घरातील भावंडांत आढळतो. त्याविषयी तीन समज रूढ आहेत आणि तिन्ही रुग्णाचे नुकसान करतात.

पहिला समज असा की, दात नीट न घासल्याने हे घडते. परंतु या रुग्णांच्या दातांवरील कीटण आणि हाडाची हानी यांचा मेळ बसत नाही; कीटण थोडे, झीज मात्र फार. स्वच्छता उपचारासाठी अनिवार्य आहे, पण मुलाला आळशी ठरवल्याने निदानच लांबते.

दुसरा समज असा की, रोग रक्तातच आहे, म्हणून इलाज नाही. पापियों-लफेव्र नावाच्या आनुवंशिक लक्षणसमूहात एकाच जनुकातील बिघाड पुरेसा ठरतो, हे खरे. 1999 मध्ये या लक्षणसमूहाचे मूळ कॅथेप्सिन-सी या विकराच्या जनुकात सापडले. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 25 टक्के असते. त्यात तळहात-तळपायांची त्वचा जाड होते आणि दुधाचे दातही अकाली पडतात. पण हा लक्षणसमूह दुर्मीळ आहे. इतर बहुतेक कुटुंबांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. शिवाय एका घरातील माणसांत जनुकांप्रमाणेच लाळेतून पसरणारे जंतूही समान असतात. त्यामुळे घरात अनेकांना रोग असणे हा केवळ आनुवंशिकतेचा पुरावा ठरत नाही.

तिसरा समज असा की, हा निव्वळ जंतुसंसर्ग आहे आणि प्रतिजैविकाने तो संपेल. अ‍ॅग्रिगेटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स हा जंतू येथे महत्त्वाचा आहे. त्याचा जेपी-2 हा प्रकार पांढऱ्या पेशी मारणारे विष फार मोठ्या प्रमाणात तयार करतो. मोरोक्कोतील किशोरांच्या 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा प्रकार बाळगणाऱ्यांना दातांचा आधार गमावण्याचा धोका जंतू नसलेल्यांच्या सुमारे 18 पट आढळला. तरीही जंतू असलेल्या प्रत्येकाला रोग होत नाही. दाताला चिकटलेल्या जंतूंच्या थरात औषध पुरेसे शिरतही नाही. तो थर आधी खरवडून काढावाच लागतो.

'प्रतिकारशक्ती कमी' हे सोपे उत्तरही अपुरे आहे. काही रुग्णांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंकडे मंदगतीने जातात, तर काहींत त्याच पेशी अतिउत्तेजित होऊन स्वतःच्या ऊतींना इजा करतात. हाडाची झीज बरीचशी शरीराच्या स्वतःच्या दाहातून होते. शक्तिवर्धक औषधे हा त्यावरचा उपाय नव्हे.

म्हणून सिद्धान्त असा : जनुके प्रवृत्ती देतात, जंतू ठिणगी टाकतात आणि विसंगत प्रतिकार हाड जाळतो. यातील जनुके बदलता येत नाहीत. जंतूंचा थर हटवता येतो आणि त्यामुळे दाहही आटोक्यात येतो. सखोल सफाई, गरजेनुसार अ‍ॅमॉक्सिसिलिन व मेट्रोनिडॅझोल, धूम्रपानवर्जन आणि नियमित तपासणी यांनी बहुतेक दात वाचवता येतात. घरातील एका मुलाला हा विकार आढळताच त्याच्या सर्व भावंडांच्या हिरड्या दंतवैद्याकडून मोजून घ्याव्यात आणि आवश्यक तेथे एक्स-रे काढावा. दात हलण्याची वाट पाहू नये.