आठवणीतल्या शंकेला पळवाट म्हणू नका

आत्मचरित्रकाराने ‘असं असावं’, ‘नीट आठवत नाही’ असले शब्द वापरूच नयेत, असं मत परवा एका परिसंवादात छातीठोकपणे मांडलं गेलं. खात्री नसेल तर गप्प बसावं. शंका ही जबाबदारीतून काढलेली पळवाट आहे, तिने साक्षीतला जोर जातो. यावर टाळ्याही पडल्या. मला हे मत घातक वाटतं.

जोर जातो म्हणणाऱ्यांनी ‘बलुतं’ वाचलं तरी कसं? 1978 साली आलेल्या या आत्मकथनात दया पवारांनी स्वतःचे दोन केले. दगडू मारुती पवार सांगतो, दया पवार ऐकतो. एक गावच्या महारवाड्यातला, मुंबईच्या कावाखान्यातला. दुसरा शिकलासवरलेला, नोकरदार, कवी. पांढरपेशा झालेला माणूस स्वतःचं काय झाकेल, कशाची लाज धरेल, हा संशय मांडणीतच आहे. त्याने जातीविरुद्धची साक्ष कुठे ढिली पडली? जो स्वतःची अब्रू राखत नाही, तो गावाबद्दल बोलू लागला की वाचकाला मान फिरवता येत नाही. सगळं तंतोतंत आठवतं ते वकिलाने पढवलेल्या साक्षीदाराला.

त्या काळीही दलित आत्मकथनं म्हणजे साहित्य नव्हे, समाजशास्त्राचा कच्चा माल, असं म्हणणारे होतेच. आजचा ठामपणाचा आग्रह त्याच घराण्यातला. त्यांना हकिकत हवी, ती सांगताना अडखळणारा माणूस नको. दलित लेखकाने फक्त सोसावं आणि सांगावं, स्वतःकडे वळून बघण्याचा अधिकार इतरांचा, असाच त्याचा अर्थ होतो, आणि त्याची मला चीड येते.

बाकीच्या मुद्द्यांत दम नाही. खात्रीचाच नियम लावला तर 1857 च्या धामधुमीतला प्रवास कित्येक वर्षांनी आठवून लिहिणाऱ्या विष्णुभट गोडशांनी लेखणी उचलायलाच नको होती. आणि जबाबदारी म्हणाल, तर ठाम आठवणीत खलनायक ठरलेल्या जावेला, सासूला, सावत्र भावाला उत्तर द्यायला दुसरं पुस्तक मिळत नाही.

शंका मात्र नेमकी हवी. पानोपानी ‘कदाचित’ पेरणं म्हणजे आळस. वाटणीच्या दिवशी भांडण झालं, आईने ताट भिरकावलं, हे पक्कं असेल तर तसंच लिहावं. पहिला शब्द काकांचा की वडिलांचा, हे आठवत नसेल, तर तेही त्याच परिच्छेदात लिहावं. वडील आपले म्हणून तो काकांच्या तोंडी घालू नये.