मागच्या दारची भाकरी

गेल्या गुरुवारी रात्री एक वाजून दहा मिनिटांनी आमची गाडी कराडच्या अलीकडे एका हॉटेलाच्या आवारात शिरली. "वीस मिनिटं थांबणार, जेवून घ्या," असं ओरडत क्लीनरने सगळे दिवे लावले. सावंतवाडीचा कार्यक्रम लांबला होता. आयोजकांनी वाढायला घेतलेलं पान तसंच सोडून मी गाडी गाठली होती आणि दुपारच्या दोन घासांनंतर पोटात काही नव्हतं. टेबलावरच्या कार्डावर पनीर बटर मसाला, हक्का नूडल्स, मंचुरियन आणि व्हेज कोल्हापुरी. कोल्हापूर तासाभरापूर्वीच मागे पडलं होतं. तिथल्या ज्या ज्या घरी मी जेवले आहे, त्यातल्या एकाही घरात या नावाची भाजी शिजताना पाहिलेली नाही. भाकरी मिळेल का, विचारलं. "भाकरी नाय मॅडम, तंदुरी हाय."

हात धुवायला मागे गेले. मोरीच्या पलीकडे, गॅसच्या टाक्यांजवळ चार कामगार आणि भांडी घासणाऱ्या दोन बायका गोल करून जेवत होत्या. मधे पातेल्यात झुणका, कागदावर खर्डा, फोडलेला कांदा, आणि फडक्यात गुंडाळलेल्या ज्वारीच्या भाकरी. मी बघत उभी राहिले असणार, कारण त्यातली थोरली म्हणाली, "या की बाई, बसा." तिने अर्धी भाकरी मोडून तिच्यावर झुणका घातला आणि माझ्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत मी तिथेच उकिडवी बसून जेवले.

मला राग आला तो याचा. त्याच चुलीवर, त्याच वेळी, त्याच मुलखाच्या ज्वारीची भाकरी झाली होती, पण ती मागच्या दाराला. पुढच्या दाराने येणाऱ्याला ती नाहीच म्हणून सांगायचं. हेच कार्ड मी धुळ्याच्या रस्त्यावर वाचलं आहे, नगरच्या रस्त्यावर वाचलं आहे आणि कोकणातून येताना घाट चढल्यावरही वाचलं आहे. त्यामागचं कारण मला कळतं. कांदा-टोमॅटोची एक ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात तयार ठेवली की तिच्यातून दहा भाज्या चार-चार मिनिटांत निघतात. भाकरीचं तसं नाही. गव्हाच्या कणकेसारखं ज्वारीचं पीठ मळून ठेवता येत नाही, त्याला तार नसते, कडांना चिरा पडतात. दर भाकरीला पीठ नव्याने मळायचं, थापायचं, पाणी फिरवायचं, तव्यावरून विस्तवावर टाकायचं. चाळीस माणसं एकदम उतरली की हे जमणं अवघड आहे, मान्य. पण पिठल्याला दहा मिनिटं लागतात. पोह्यांना त्याहून कमी. खानदेशातल्या ढाब्यांवर रात्री बारा वाजताही काळ्या मसाल्याची शेवभाजी मिळते आणि ट्रकवाल्यांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळे ती खातात. तेव्हा हे होत नाही असं नव्हे, करायचं मनात आणलं जात नाही.

कायद्यानेही कुणाचे हात बांधलेले नाहीत. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने दुकानं आणि खानावळी आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास उघड्या ठेवण्याची वाट मोकळी केली. मद्य विकणाऱ्या जागांच्या वेळा तेवढ्या निराळ्या. त्याच कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला तिच्या संमतीने आणि सुरक्षेची व्यवस्था करून कामावर ठेवता येईल, अशीही तरतूद आहे. आणि तरी आपल्या बहुतेक गावांत रात्री अकराला शटर खाली येतात.

अवेळ हा प्रवाशाचा शब्द आहे. गावात त्या घटकेला कुणाची तरी जेवायची वेळ असतेच. म्हणून नव्या गावात उतरल्यावर मी 'चांगलं हॉटेल कुठे' असं विचारणं फार वर्षांपूर्वी सोडलं. 'या वेळी इथे कुणाची पाळी सुटते,' असं विचारते. मार्केट यार्डातले हमाल, फुलबाजारातले गाळेवाले, सरकारी दवाखान्यातल्या आया, पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे फोडणारी मुलं, या सगळ्यांना भूक लागते आणि त्यांना शिळं किंवा महाग काही चालत नाही. पुण्यात नळ स्टॉपला पहाटे चारला पोह्यांचे ढीग वाफाळतात ते यामुळेच. दादरचा फुलबाजार अंधारातच भरतो आणि झेंडूच्या पाट्यांमधून सायकलवरचा इडलीवाला वाट काढत येतो. मुंबईत बोहरी मोहल्ल्यातली निहारी तर नावातच वेळ घेऊन आलेली आहे. अरबीत 'नहार' म्हणजे दिवस. रात्रभर मंद आचेवर मांस आणि हाडं शिजत ठेवायची आणि उजाडता उजाडता अंगमेहनतीला निघालेल्या माणसाच्या पानात वाढायची. जी वेळ तुम्हाआम्हाला अडनिडी वाटते, तीच त्या पदार्थाची खरी वेळ.

खरी अडचण रात्रीची नाहीच, दुपारी साडेतीनची आहे. याबद्दल कुणी लिहीत नाही. सकाळचा नाश्ता संपलेला, जेवणाची भांडी घासून पालथी घातलेली, संध्याकाळचं तेल अजून तापलेलं नाही. मालवणात मी एकदा पावणेचारला एका घरगुती खानावळीच्या दारात उभी राहिले. आतून उत्तर आलं, "मासो संपलो गो बाय. भात आसा, सोलकढी आसा, जेवतंस काय?" मी जेवले. आंबेमोहोराचा मऊ भात, वर सोलकढी, बाजूला लिंबाचं लोणचं. आजही ते पान आठवतं. मासे संपले हे ऐकून वाईट वाटलं नाही, उलट त्या घराविषयी विश्वास वाटला. सकाळी लिलावात जेवढं आलं तेवढं रांधलं आणि तेवढंच वाढलं. जिथे दुपारी चारलाही सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी सगळं 'आहे' म्हणतात, तिथे मी मासा मागवत नाही.

गोव्यात दुपारी दुकानं बंद होतात, रस्ते निपचित पडतात. मात्र ऊन कललं की पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू येतो आणि टोपलीत गरम पोई असते. नुसती पोई, कोंडा लागलेली, मधे पोकळ, बोटांना चटका देणारी. ती खात खात संध्याकाळच्या गाड्यांची वाट बघावी. दिवेलागणीनंतर रस ऑम्लेटचे गाडे लागतात, शागुतीचा रस ऑम्लेटवर ओततात आणि पुन्हा पावच लागतो. सांगली-जयसिंगपूरकडे ही दुपार भडंगावर निघते. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी तर माझ्या पिशवीत कायमच असते, दशम्यांवरच्या लेखात मी तिच्याविषयी लिहिलं होतं. त्यावर एका वाचक बाईंनी पत्र पाठवलं होतं. त्यांनी विचारलं होतं, तुम्ही अवेळी कुठे काय चांगलं मिळतं ते सांगता, पण आम्ही एकट्या बायकांनी तिथे जाऊन खायचं कसं?

ते पत्र सहा महिने माझ्या टेबलावर आहे. उत्तर द्यायचं राहून गेलं, कारण सोपं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. पुरुष लिहितात तेव्हा पहाटे तीनच्या भुर्जीपावाचं, महामार्गावरच्या अंडाकरीचं वर्णन करतात आणि त्या गाड्याभोवती कोण उभं होतं, याचा उल्लेखही करावा लागत नाही. मला तो आधी करावा लागतो. मी चव नंतर बघते. आधी दिवा किती दूरवर पडला आहे ते बघते, मग तिथे दुसरी एखादी बाई आहे का ते बघते. गाड्यामागे भजी सोडणारी असो, भांडी घासणारी असो की लेकराला घेऊन एसटीची वाट बघणारी असो, ती दिसली की मी पुढे होते. आणि तिसरी गोष्ट, जी पाककृतींच्या कौतुकात कधीच येत नाही. जवळपास स्वच्छतागृह आहे का? ते नसेल तर मी चहासुद्धा घेत नाही. लांबच्या रात्रीच्या प्रवासात कितीतरी बायका संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. माझी आई प्यायची नाही. नागपूरला सोळा तास गाडीत बसून जायची आणि उतरल्यावर तिचं डोकं ठणकत असे. आम्ही त्याला गाडी लागणं म्हणायचो. ते काय होतं, हे मला माझी चाळिशी उलटल्यावर कळलं.

म्हणजे त्या पत्राचं माझ्याकडचं उत्तर असं, की बायका अंधारात कुठे कामाला बसतात ते शोधावं. देवळाची वाट, फुलांचा बाजार, मासळीचा धक्का, भाजी मंडई. मुंबईच्या ससून डॉकवर (तो १८७५ पासून आहे) पहाटे लिलावाला कोळणीच जास्त असतात, आणि त्यांच्यामधे उभं राहून घेतलेल्या चहाइतकं निर्धास्त मला मुंबईत त्या वेळी कुठेही वाटलेलं नाही.

कोल्हापुरात तर एका फुलवालीनेच मला शहर दाखवलं. साडेचारला गाडीने स्टँडवर सोडलं. ज्यांच्याकडे जायचं होतं त्यांना सात वाजल्याशिवाय उठवावंसं वाटेना. रिक्षा करून अंबाबाईच्या देवळाशी आले. एक बाई कंदिलासारख्या दिव्याखाली शेवंतीच्या वेण्या ओवत होती. "एकट्याच आलाय व्हय? बसा हितं माझ्याजवळ. उजाडूदे, मग जावा." मी बसले. तिने मला दोरा धरायला दिला. तासाभराने तिची लेक आली आणि आईने तिला सांगितलं, यांना गंगावेशीत घेऊन जा. तिथल्या कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात येतो. तालमीतली पोरं एका घोटात पेले रिकामे करत होती. धारोष्ण दूध मी लहानपणी आजोळी प्यायले होते, त्यानंतर तेव्हाच. त्याला म्हशीच्या अंगाची ऊब असते, साखरेची गरज नसते. लेक म्हणाली, मिसळ आता सात वाजता सुरू होईल, जिथे नुसती गर्दी असेल तिथे नका जाऊ, जिथे कटाचा वास कोपऱ्यावरनं येतोय तिथे जा. तशीच गेले. पावाच्या जागी ब्रेडचे स्लाइस, वर फरसाण, आणि नाकातून पाणी काढणारा कट. तिला बरोबर जेवायला बसवायचा फार आग्रह केला, पण तिला कॉलेजला जायचं होतं.

आणि आख्खं शहरच बाईला अवेळी बोलावतं, असं मी पाहिलं ते इंदुरात. सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर आणि पायऱ्यांसमोर कढया मांडल्या जातात. गर्दी असली की दुकानांची राखणही होते, असं तिथले लोक सांगतात. किसलेला मका दुधात शिजवलेलं भुट्टे का कीस, हवेत उडवून झेललेला दहीवडा, मालपुवे. मी गेले ते डिसेंबरात, साडेअकराच्या सुमाराला, आणि गल्लीत पाऊल ठेवता येत नव्हतं. त्या गर्दीत अर्ध्या बायका होत्या. घरच्या कपड्यांवर स्वेटर चढवून आलेल्या, झोपलेलं मूल खांद्यावर टाकून आलेल्या, मैत्रिणींबरोबर आलेल्या, एकट्या आलेल्या. कुणी कुणाकडे वळून बघत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष द्रोणात.

मी गराडूच्या कढईसमोर उभी होते. हा कंद फक्त थंडीत मिळतो, दोनदा तळतात, वर जिरावण मसाला भुरभुरतात आणि लिंबू पिळतात. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी आल्या, नऊवारी नाही पण डोक्यावर पदर, पायात मोजे. मी मराठीत काहीतरी पुटपुटले ते त्यांनी ऐकलं. "ताई, ही शाल जरा पकडा हो. गरम आहेत तोवर खाऊन घेते." मी शाल धरली. त्यांनी सगळा द्रोण शांतपणे, एकेक फोड फुंकून संपवला. मग बोटं पुसत विचारलं, "आपण कुठल्या?"

"पुण्याची."

"एकट्या आलात?"

"हो."

"मग साबुदाण्याची खिचडी खाल्ल्याशिवाय जायचं नाही. आमच्याकडची तुमच्यासारखी नसते, वाफेवरची असते." त्यांनी माझ्याकडून शाल घेतली, खांद्यावर टाकली, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि साडेबाराच्या त्या गर्दीतून मला पुढे घेऊन गेल्या.