मैदानाकाठी : एका सामन्याचा हंगाम

अकलोलीच्या कुंडांपासून थोडं पुढे, तानसेच्या अंगाला, भातकापणी झाली की एक खाचर मोकळं होतं. धसकटं टोचतात, मध्येच बांध आडवा येतो, पण दोन्ही टोकांना बांबू रोवून पोरांनी गोल उभे केले आहेत. गेल्या शनिवारी तिथे तासभर थांबलो. नववीतला एक मुलगा अनवाणी खेळत होता. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू असा ओढून घ्यायचा की समोरचा पोरगा दोनदा खाली बसला. तिसऱ्यांदा मात्र हा मुलगा पळालाच नाही. थांबला, मान वर केली आणि पार पलीकडच्या बांधाजवळ मोकळ्या असलेल्या भिडूला पास दिला. ही मान वर करायची सवय लावता लावता प्रशिक्षकांची वर्षं जातात.

खेळ आटोपल्यावर सगळे कुंडावर गेले आणि गरम पाण्यात पाय सोडून बसले. तळव्यात रुतलेली कुसळं त्यात नरम पडून निघतात, हे त्या नववीतल्या मुलानेच मला दाखवलं. यंदा शाळेकडून किती सामने खेळलास, म्हणून विचारलं.

"एकच. हरलो ना."

त्या "हरलो ना"वर मी आठवडाभर अडकून आहे. आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने 1960 पासून चालणारा सुब्रतो चषक ही देशातली शालेय फुटबॉलची सर्वांत मानाची स्पर्धा, पण तिथवर जायचं तर खालचा प्रत्येक सामना जिंकत जायचं. शहरातला संघ वर्षभर टर्फवर घाम गाळून आलेला असतो, आमचा संघ आदल्या आठवड्यात जमवलेला. तासाभरात निकाल लागतो आणि चौदा वर्षांच्या मुलाचं फुटबॉलचं वर्ष संपतं.

आता जमैका पाहा. अख्ख्या देशाची वस्ती तीस लाखांच्या आत. तिथे किंग्स्टन परिसरातल्या शाळांसाठी मॅनिंग चषक 1914 पासून खेळला जातो, आणि बाहेरच्या, खेड्यापाड्यांच्या शाळांसाठी 1950 पासून वेगळा डाकोस्टा चषक आहे. आधी गटातले साखळी सामने, बाद फेरी मागाहून. पहिल्याच दिवशी हरलेल्या मुलाला पुढच्या आठवड्यात पुन्हा बूट बांधायचे असतात. दुजुआन रिचर्ड्स, ज्याला तिथे सगळे 'व्हिस्पर' म्हणतात, तो याच शालेय फुटबॉलमधला. किंग्स्टन कॉलेज या शाळेकडून खेळला, 2023 मध्ये सतराव्या वर्षी देशाच्या मुख्य संघात आला, 2024 मध्ये चेल्सीने त्याला घेतलं.

जमैका लांब वाटत असेल तर कोल्हापूरला चला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं तालमींची. पण याच तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. त्या शहरात 2000 साली जन्मलेला अनिकेत जाधव. लहान वयातच तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. राहणं, खाणं, शाळा आणि सराव एका छताखाली. तिथून पुणे एफसीची अकादमी, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा आघाडीवीर. भारत तिन्ही सामने हरला. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या पुढचं. त्या मुलांना घरी पाठवलं नाही. इंडियन ॲरोज नावाने त्यांचा संघ आय-लीगमध्ये, थोराड व्यावसायिक खेळाडूंपुढे उतरवला. 29 नोव्हेंबर 2017 ला, म्हणजे घानाकडून हरल्यावर दोन महिनेही उलटले नव्हते, गोव्यात बांबोळीला ॲरोजने चेन्नई सिटीला 3-0 हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे. पुढे तो जमशेदपूरला गेला, आघाडीवरून बगलेवर सरकला, आणि 2021-22 ची आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबाद संघात होता. त्याच्या पायातल्या गुणाबद्दल शंका नाही. पण दिल्लीतल्या तीन पराभवांनंतर त्याच्यापुढे लगेच सामने होते, हे मी त्या गुणाइतकंच मोलाचं धरतो.

पण अकलोलीच्या पोराला पुण्याची क्रीडा प्रबोधिनी दाखवून उपयोग नाही. निवड चाचणीला जायचं म्हणजे एसटीने ठाणं किंवा वसई गाठायची, पुढे लोकल, सोबत एक मोठा माणूस, आणि त्या माणसाचा बुडालेला रोज. शिवाय शेत मोकळं होऊन खेळायचे दिवस येतात तेव्हाच वीटभट्ट्या लागतात. कातकरी घरं दिवाळीनंतर भट्टीवर उठून जातात, त्यांच्याबरोबर निम्मा संघ जातो. पोरांना खेळाची गोडी नाही, असं एका बैठकीत माझ्यासमोर बोललं गेलं तेव्हा मी संतापून उठलो होतो. आजही तो संताप गेलेला नाही.

मागणी साधी आहे. अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी, अंबाडी, उसगाव, झिडके. सगळी एकमेकांच्या आसपासची गावं. प्रत्येक गावाचा एक संघ, एक सामना आपल्या गावात, एक समोरच्याच्या. प्रत्येक मुलाच्या वाट्याला दहा सामने येतात. खर्च किती? काही चेंडू, फक्कीची पोती, शिट्टी वाजवणाऱ्या पंचाचं मानधन आणि टेम्पोचं डिझेल. अट एकच : हा हंगाम भट्ट्या लागायच्या आत, गणपती ते दिवाळी, शाळेच्या आवारात उरकायला हवा. पाऊस असेल, चिखल असेल. चिखलात खेळतील.

मी निघालो तेव्हा दोन मुलं भट्टीवरच्या राखेची घमेली घेऊन खाचरात आली. रविवारी गणेशपुरीच्या पोरांशी सामना ठरलाय, स्वतःच ठरवलाय. तो डावखुरा पोरगा सुतळीचं एक टोक खुंटीला बांधून दुसरं ताणत बांधापर्यंत गेला, आणि सुतळीच्या कडेने मुठीमुठीने राख सोडत माघारी येऊ लागला. बांध मध्ये येत होता तिथे रेघ त्याने बांधावरूनच नेली.