कपडे धुणारीची नोंद कुठे?

अ‍ॅस्बेस्टॉसचा विषय निघाला की बोलणं कारखान्याच्या फाटकापाशी थांबतं. मला बोलायचंय ते फाटकातून बाहेर येणाऱ्या कपड्यांबद्दल. मुंबईच्या मुलुंड-घाटकोपर पट्ट्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आणि ब्रेक लायनिंग बनवणारे कारखाने होते. पाळीहून आलेल्या माणसाचे कपडे झटकून भिजत घालायचे, हे काम घरात कुणाचं, ते तुम्हाला सांगायला नको! त्यातले तंतू केसाहून कितीतरी बारीक. झटकले की हवेत तरंगतात, श्वासातून आत जातात आणि तिथेच राहतात.

लंडनमधल्या न्यूहाउस आणि थॉमसन यांनी १९६५ साली मेसोथेलिओमाचे, म्हणजे फुफ्फुसाच्या वा पोटाच्या अस्तराच्या कर्करोगाचे, ७६ रुग्ण तपासले. त्यातल्या ९ जणांचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध एवढाच, की घरातलं कुणीतरी त्या कामावर होतं. यात जास्त करून आढळली ती नवऱ्याचे कामाचे कपडे धुणारी बायको.

म्हणजे ही गोष्ट साठ वर्षं माहीत आहे. तरी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिलेला निकाल पाहा. कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर संपेल तोवर ठेवा, असं त्यात बजावलंय. निकाल मोठाच, कारण हा आजार वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा डोकं वर काढतो. पण नोंद कुणाची? हजेरीपटावर नाव असलेल्याची. धुणारीला ना पगार, ना कार्ड, ना तपासणी.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८६ चा करार तर स्पष्ट सांगतो, कामाचे कपडे घरी नेऊच नयेत. ते धुण्याची जबाबदारी मालकाची. मालकाचे धुण्याचे पैसे वाचतात ते आपल्या मोरीत, असा माझा सरळ हिशेब आहे.

आणखी एक गोष्ट. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे अंडाशयाचाही कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सांगते. आपल्याकडे खाणकाम थांबलं, आयात मात्र चालूच आहे.

तुमच्या घरात कुणी अशा कारखान्यात कामाला असेल, पूर्वी कधी होतं असेल, तर जुनं ओळखपत्र, पगाराच्या पावत्या रद्दीत टाकू नका. दम लागतोय, छातीत वा पोटात पाणी झालंय म्हणून दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांनी विचारो न विचारो, ‘मी त्यांचे कामाचे कपडे इतकी वर्षं धुतलेत’ हे आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.