न पोहोचलेल्या कॉलचा हिशेब कोण देणार? ‘ट्राय’च्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली

तक्रार जुनी आहे आणि ती तुमच्या कार्यालयाला माहीत आहे, म्हणून प्रस्तावना करत नाही. आपले सर्कल, म्हणजे परवान्याचे क्षेत्र, सोडून दुसऱ्या सर्कलमध्ये गेलेल्या मोबाइलवर येणारा कॉल पोहोचतो की नाही, याला तुमच्या निकषांत जागा नाही. फोन चालू असतो, पडद्यावर सिग्नलच्या काड्या दिसत असतात, आणि कॉल करणाऱ्याला मात्र ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ असे ऐकवले जाते. रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलला किती पैसे घ्यावेत, याची मर्यादा तुम्ही पुन्हा पुन्हा ठरवून दिलीत. २००७ मध्ये मिनिटाला १ रुपया ७५ पैसे, २०१३ मध्ये ७५ पैसे, २०१५ मध्ये ४५ पैसे. पैशापैशाचा असा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेने, ज्या कॉलसाठी ते पैसे घेतले जायचे तो कॉल किती वेळा पोहोचलाच नाही, याचा आकडा या सगळ्या वर्षांत एकदाही मागितला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी पुराव्यानिशी मांडणार आहे.

ही चूक पायाभरणीच्या वेळची आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून तेव्हाचे केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना दिल्लीत देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हाच देशाचे तुकडे पडलेले होते. महानगरांचे परवाने वेगळे, राज्यांची सर्कल वेगळी. आपल्याकडे मुंबई वेगळी झाली, तर उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे सर्कल झाले. त्यामुळे पुण्याचा मोबाइल मुंबईत पाहुणा ठरला आणि मुंबईचा पुण्यात. त्या काळी गर्दीच्या तासांत मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत आकारणी होत असे, आणि मे २००३ पर्यंत आपल्याच सर्कलमध्ये येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. साहजिकच सगळी ओरड दराची झाली, आणि नियामकही दराच्याच मागे लागला. पोच हा प्रश्न तेव्हा मागे पडला तो पडलाच.

त्याच्याही आधीचा अनुभव जगापुढे होता. अमेरिकेत १९८३ मध्ये व्यावसायिक सेल्युलर सेवा सुरू झाली, तेव्हा परगावी गेलेल्या ग्राहकाला फोन करायचा तर कॉल करणाऱ्याला आधी तो कोणत्या शहरात आहे हे माहीत असावे लागे. मग त्या शहरातल्या पाहुण्या ग्राहकांसाठीच्या खास क्रमांकावर फोन लावून, पुन्हा टोन आल्यावर मोबाइलचा क्रमांक फिरवायचा. पुढे ग्राहकाने तारा-१८ दाबून ‘मी इथे आहे’ असे कळवण्याची सोय झाली, पण ती मध्यरात्री संपे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबावे लागे. त्या व्यवस्थेत कॉल चुकला तर ग्राहकाने कळवले नाही, असे कंपनी म्हणू शकत होती. भारताने सुरुवातच जीएसएम तंत्रज्ञानाने केली. जीएसएममध्ये फोन स्वतःहून जाळ्याला आपला पत्ता कळवतो, ग्राहकाला काहीही दाबावे लागत नाही. पत्ता ठेवण्याचे काम जाळ्याने आपल्या अंगावर घेतले, त्याच क्षणी पत्ता चुकल्याची जबाबदारीही जाळ्यावर आली. ‘ग्राहक संपर्क क्षेत्राबाहेर आहे’ या वाक्यात ती जबाबदारी पुन्हा ग्राहकाच्या माथी मारली जाते.

पत्ता कसा चुकतो, हे तुमच्या अभियंत्यांना सांगायला नको. पण हे पत्र खुले आहे, म्हणून वाचकांसाठी लिहितो. पुण्याचा क्रमांक असलेला माणूस दादरला आहे आणि त्याला दादरहूनच कोणी फोन लावला, तर जुन्या रचनेत तो कॉल आधी घाट चढून पुण्याच्या स्विचकडे, म्हणजे कॉल वळवणाऱ्या यंत्रणेकडे, जातो. तिथली मूळ नोंदवही मुंबईच्या पाहुण्यांच्या नोंदवहीला विचारते, मुंबई एक तात्पुरता क्रमांक देते, आणि कॉल पुन्हा घाट उतरतो. प्रत्येक टप्प्यावर तो अडू शकतो. शेवटी फोन ज्या विभागात आहे तिथल्या सगळ्या टॉवरवरून त्याला हाक मारली जाते. याला पेजिंग म्हणतात. विभाग फार मोठा ठेवला तर हाकांची गर्दी होते आणि काही हाका गळतात. फोन बोगद्यातून निघाला, गाडीने सीमा ओलांडली, एकाच वेळी शेकडो फोन पत्ता बदलू लागले, की नोंद मागे पडते आणि हाक जुन्याच विभागात घुमत राहते. फोनने ठराविक काळाने पत्ता पुन्हा कळवायचा असतो. तो काळ सहा-सहा मिनिटांच्या पटीत, अगदी साडेपंचवीस तासांपर्यंत ठरवता येतो, आणि तो ठरवते कंपनी. तो किती असावा, हे ग्राहकाच्या हातात कधीच नव्हते. 4जी आल्यावर नोंदवह्यांची नावे बदलली. पत्ता ठेवणे आणि हाक मारणे या दोन गोष्टी तशाच राहिल्या.

आता तुमचे मोजमाप पाहू. २०२४ पर्यंत लागू असलेल्या २००९ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत कॉल जुळण्याचे प्रमाण किमान ९५ टक्के असावे असे म्हटले होते, पण कंसात ‘कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यापुरते’ अशी अट होती. आणि कॉल जुळला म्हणजे काय? कॉलचा प्रयत्न झाला, त्याला वाहिनी मिळाली, आणि तो संबंधित स्विचमधून बाहेरच्या मार्गाला लागला. बस, जुळला. पलीकडे घंटा वाजली की ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू आले, हा प्रश्नच त्या व्याख्येत नव्हता. पेजिंगच्या वाहिनीवरची कोंडी १ टक्क्याच्या आत हवी असे तुम्ही सांगत होतात, पण किती हाकांना उत्तर आले हे विचारत नव्हतात. कॉल तुटण्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत, दोन कंपन्यांच्या जोडणीवरची कोंडी अर्ध्या टक्क्याच्या आत, टॉवर बंद राहण्याचा काळ २ टक्क्यांच्या आत. इतके सगळे आकडे होते आणि त्यात ज्याला फोन यायचा होता तो माणूस कुठेच नव्हता. २०२४ च्या नव्या नियमांनी कव्हरेजचे नकाशे प्रसिद्ध करायला लावले, जिल्ह्यातली सेवा २४ तासांहून अधिक बंद पडली तर भाडे परत करायला लावले. या गोष्टी चांगल्या आहेत, मी त्यांचे श्रेय नाकारत नाही. पण येणारा कॉल पोहोचला का, हा निकष तिथेही नाही. २०१७ मध्ये तुम्ही कॉलला गुण देण्याचे ॲप काढले. जो कॉल आलाच नाही त्याला गुण कोण देणार?

कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे: ग्राहक फोन बंद करतो, तळघरात जातो, बॅटरी संपते, त्याला आम्ही काय करणार? हे अर्धेच खरे आहे. फोन नीट बंद केला जातो तेव्हा तो बंद होण्यापूर्वी जाळ्याला तसे कळवतो. म्हणून तर ‘स्विच ऑफ’ आणि ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ या दोन वेगळ्या घोषणा आहेत. तळघरातला माणूस आणि चुकलेली नोंद यांतला फरक एका कॉलवरून कळणार नाही, हे मान्य. पण एखाद्या सर्कलमध्ये घरच्या ग्राहकांचे शंभरातले अमुक कॉल चुकत असतील आणि पाहुण्यांचे त्याच्या कितीतरी पट, तर पाहुणेच तेवढे तळघरात राहतात असे कोणी म्हणू शकणार नाही. ही तुलनाच सगळे सांगेल, आणि तीच आजवर केली गेलेली नाही. आकडे नाहीत, ही सबबही टिकत नाही. ‘तुम्हाला अमुक क्रमांकावरून इतक्या वाजता फोन आला होता’ असा संदेश नंतर येतो, तो कुठून येतो? न पोहोचलेल्या कॉलची नोंद वेळेसकट कंपनीकडे आहे, म्हणूनच येतो.

दुसरा आक्षेप असा, की रोमिंगमध्ये इनकमिंग आता फुकट आहे, फुकटच्या गोष्टीची तक्रार कसली? ते फुकट नाही. २०१८ च्या अखेरीस किमान रिचार्जच्या योजना आल्यापासून इनकमिंग चालू ठेवायलाही पैसे भरावे लागतात. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला बीडचा मजूर स्वतः फोन करण्यापेक्षा घरून फोन यावा म्हणूनच तो रिचार्ज मारतो. ज्या सेवेसाठी तो पैसे भरतो, नेमकी तीच तुमच्या तक्त्यात नाही.

तिसरा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाचा. तुटलेल्या कॉलमागे १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३, हा तुमचा नियम न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी रद्द केला. त्यानंतर हा विषय बासनात गेला. पण रद्द झाला तो भरपाईचा नियम. सेवेचे निकष ठरवण्याचा तुमचा अधिकार तसाच आहे. शिवाय तो रुपयाही कॉल करणाऱ्यालाच मिळणार होता. ज्याच्यापर्यंत कॉल यायचा होता, त्याचा विचार तेव्हाही नव्हता.

आणि मोजणे जमत नाही असेही नाही. २०१६ मध्ये एका नव्या कंपनीने आपले १०० पैकी ७५ हून अधिक कॉल दुसऱ्यांच्या जोडणीवर अडतात अशी तक्रार केली. तुम्ही सर्कलवार आकडे मागवले, अर्ध्या टक्क्याच्या मर्यादेशी ताडून पाहिले, आणि त्याच वर्षी तीन कंपन्यांवर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. कंपनीचे कॉल अडले तेव्हा काही आठवड्यांत जे झाले, ते ग्राहकाचे कॉल अडतात तेव्हा इतक्या वर्षांत झालेले नाही. ग्राहकाने तक्रार कुठे करायची? कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, मग त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे. त्याच्या फोनमध्ये न आलेल्या कॉलचा पुरावा नसतो, आणि वैयक्तिक तक्रारी तुम्ही घेत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक कंपनीने प्रत्येक सर्कलमध्ये दरमहा किती येणारे कॉल पोहोचवले आणि किती ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ म्हणून परत पाठवले, हे घरच्या आणि पाहुण्या ग्राहकांसाठी वेगवेगळे प्रसिद्ध करावे. भरपाई नको, ॲप नको, सल्लामसलतीचा नवा कागद नको. हे आकडे आज कंपन्यांच्या स्विचमध्ये आहेत, आणि ते मागवणारा निर्देश काढण्याचा अधिकार ‘ट्राय’ कायद्याच्या कलम १३ ने तुम्हाला १९९७ पासून दिलेला आहे.